गव्हाविना एक महिना : शाकाहारी ताटाचा आढावा

जेवल्यावर पोट फुगतं, दुपारी डोळे मिटू लागतात, अंगाला खाज येते, थकवा जात नाही, वजन हलत नाही. या साऱ्यावर आज एकच सल्ला सर्रास मिळतो : "महिनाभर गहू बंद करून बघा." जिममधला प्रशिक्षक तो देतो, शेजारच्या काकू देतात, परदेशातून सुट्टीवर आलेली भाची देते. औषध नाही, सुई नाही, महिन्याचाच तर प्रश्न, म्हणून माणूस तयारही होतो. पहिल्या आठ-दहा दिवसांत अनेकांना हलकं वाटतं आणि "मला ग्लुटेन चालत नाही" असा निकाल घरच्या घरी लागतो.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकावं. मराठी शाकाहारी घरात गव्हाविना महिना काढणं आहाराच्या दृष्टीनं अवघड नाही. ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ आपल्या हातच्या आहेत. धोका आहे तो क्रमात. तपासणीच्या आधी गहू सोडला तर आयुष्यभराच्या एका आजाराचं निदान वर्षानुवर्षं लांबू शकतं. शाकाहारी माणसाच्या बाबतीत ही शक्यता अधिक आहे, आणि त्याचं कारण पुढे येईलच.

आधी हे ग्लुटेन म्हणजे काय ते पाहू. कणकेचा गोळा मळून वाहत्या पाण्याखाली हळूहळू धूत राहिलं, तर पांढरं पिष्ट वाहून जातं आणि हातात रबरासारखा चिवट लगदा उरतो. इटलीतल्या बोलोन्याचे वैद्य जाकोपो बेक्कारी यांनी १७२८ साली हेच करून पिठातला हा भाग वेगळा दाखवला होता. गव्हातली ग्लायडिन आणि ग्लुटेनिन ही प्रथिनं पाण्यासोबत मळली जाऊन हे जाळं तयार होतं. पोळी फुगते, पदर सुटतात, पुरणपोळी पुरण धरून ठेवते, पाव जाळीदार होतो, ते या जाळ्यामुळेच. जव आणि राय या धान्यांतही त्याच कुळातली प्रथिनं आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, तांदूळ, वरई, राजगिरा, शिंगाडा यांत ती नाहीत. म्हणून भाकरीचं पीठ गरम पाण्यात मळावं लागतं, म्हणून ती लाटण्यापेक्षा थापावी लागते, आणि पीठ जुनं होऊन विरी गेलं की ती कडेनं फाटते.

ग्लायडिनची एक अडचण अशी की आपल्या पाचक रसांना ते पूर्ण तोडता येत नाही. त्याचे काही लांब तुकडे तसेच आतड्यात पोचतात. बहुतेकांना त्याचं काही होत नाही. पण काही जणांची रोगप्रतिकारक यंत्रणा या तुकड्यांना शत्रू समजते आणि लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला चढवते. अन्न शोषून घेणारे तिथले सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. हा सिलिअ‍ॅक आजार. तो अ‍ॅलर्जी नाही आणि अपचनही नाही. तो स्वयंप्रतिकार आजार आहे आणि त्यावर आजतरी एकच उपाय आहे : ग्लुटेन आयुष्यभर बंद.

गव्हाचा आणि या आजाराचा संबंध कळायला फार वेळ लागला. लंडनच्या सॅम्युअल गी यांनी १८८८ साली आजाराचं नेमकं वर्णन केलं आणि रुग्ण बरा झालाच तर आहारानंच होईल असं सुचवलं, पण कोणत्या आहारानं ते त्यांना ठाऊक नव्हतं. पुढे अमेरिकेत सिडनी हास मुलांना केळ्यांवर ठेवत. मुलं सुधारत, आणि श्रेय केळ्यांना मिळे. खरी गोष्ट हेगमधले बालरोगतज्ज्ञ विलेम कारेल डिके यांच्या हाती लागली. पाव खाणारी मुलं बिघडतात हा संशय त्यांना दुसऱ्या महायुद्धाआधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि भोवती माणसं उपासमारीनं मरत असताना ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला तशी ती पुन्हा ढासळली. डिके यांचा प्रबंध १९५० साली आला आणि त्यांनी सहकाऱ्यांबरोबर पुढे दाखवून दिलं की दोष गव्हातल्या प्रथिनाचा आहे. केळ्यांची गोष्ट आजही लक्षात ठेवण्यासारखी आहे. एखादा आहार लागू पडला, तरी तो कशामुळे लागू पडला याचा आपला अंदाज चुकू शकतो.

आपल्याकडे हा मुलांचा आणि गोऱ्यांचा आजार समजला जाई. दिल्ली परिसरातल्या एका मोठ्या पाहणीत, जी २०११ साली प्रसिद्ध झाली, साधारण ९६ माणसांमागे एकाला तो आढळला. २०१६ साली आलेल्या आणखी एका पाहणीत उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के असं प्रमाण दिसलं. पश्चिम भारत त्या पाहणीत नव्हता. या आजाराला पोषक असलेली एचएलए-डीक्यू २ किंवा डीक्यू ८ ही जनुकं पुष्कळ लोकांत असतात, तीस-चाळीस टक्क्यांपर्यंत, पण आजार त्यातल्या थोड्यांनाच होतो. जनुक आणि गहू दोन्ही असावे लागतात, आणि त्यावर आणखी काहीतरी घडावं लागतं. महाराष्ट्रात दोन-तीन पिढ्यांपूर्वी अनेक गावांत गहू सणासुदीचा होता, रोजची भाकरी ज्वारी-बाजरीची होती. आता मुंबई-पुण्यातच नव्हे तर तालुक्याच्या गावातही सकाळचं बिस्किट, डब्यातली पोळी, संध्याकाळचा पाव आणि रात्रीची पोळी असा दिवस जातो. ज्याच्या अंगात ती जनुकं आहेत, त्याच्यासाठी ही बदललेली परिस्थिती आहे.

आता क्रमाची गोष्ट, कारण या लेखातलं सगळ्यांत महत्त्वाचं तेच आहे. सिलिअ‍ॅकची पहिली तपासणी रक्ताची : टीटीजी-आयजीए नावाची प्रतिद्रव्यं मोजतात, आणि सोबत एकूण आयजीए पाहतात, कारण ज्यांच्यात आयजीएच कमी असतं त्यांचा अहवाल खोटा 'निर्दोष' येऊ शकतो. अहवालात दोष दिसला तर दुर्बीण घालून लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागाचे नमुने घेतात. या दोन्ही तपासण्या ग्लुटेनला शरीरानं दिलेलं उत्तर मोजतात. ग्लुटेनच नसेल तर उत्तर विरत जातं, अस्तर भरून यायला लागतं, आणि अहवाल फसवा होतो. म्हणून ब्रिटनमधली नाइस ही संस्था सांगते की तपासणीआधी निदान सहा आठवडे रोज एकापेक्षा जास्त जेवणांत ग्लुटेन असावं.

ज्यानं आधीच गहू सोडला आहे आणि ज्याला आता बरं वाटतंय, त्याला डॉक्टर म्हणतात, "आता पुन्हा काही आठवडे पोळ्या खा, मग तपासू." रोज तीन ग्रॅम ग्लुटेन निदान दोन आठवडे, आणि झेपलं तर आठ आठवड्यांपर्यंत, अशी पद्धत तज्ज्ञ वापरतात. एका मध्यम पोळीत अंदाजे दोन ते तीन ग्रॅम ग्लुटेन असतं, म्हणजे रोजच्या एक-दीड पोळीचाच हा प्रश्न. पण ज्याला खरोखर सिलिअ‍ॅक आहे त्याचे हे दिवस फार वाईट जातात, आणि बरेच जण तयारच होत नाहीत. मग निदान कायमचं अर्धवट राहतं. अशा वेळी जनुकांची तपासणी थोडी मदत करते, कारण ती आहारावर अवलंबून नसते. दोन्ही जनुकं नसतील तर सिलिअ‍ॅक जवळजवळ बाद होतो. असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही.

"निदान कशाला हवं? मला गव्हाशिवाय बरं वाटतं, मी तसंच राहीन," असं कुणी म्हणेल. फरक मोठा आहे. नुसती संवेदनशीलता असलेला माणूस लग्नात एक पुरणपोळी खाऊ शकतो, रात्री पोट दुखेल इतकंच. सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेनही आतडं बिघडवायला पुरतं. पोळीचा तो सुमारे पन्नासावा भाग झाला. त्याला हाडांची घनता तपासावी लागते, लोह, डी आणि बी१२ पाहावं लागतं, थायरॉइडवर लक्ष ठेवावं लागतं. त्याच्या आईवडिलांना, भावंडांना आणि मुलांनाही तपासावं लागतं, कारण त्यांच्यात हे प्रमाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतं. हे सगळं निदानाच्या कागदावर उभं असतं.

शाकाहाऱ्यांचा प्रश्न इथे येतो. मोठ्या माणसांतला सिलिअ‍ॅक अनेकदा जुलाबांनी येत नाही. तो येतो कमी झालेल्या हिमोग्लोबिनच्या रूपानं. लोह शोषलं जातं ते लहान आतड्याच्या पहिल्या भागात, आणि हा आजार पहिला घाव तिथेच घालतो. मांसाहारी माणसाचं लोह सतत कमी राहिलं तर डॉक्टर कारण शोधतात. शाकाहारी बाईचं लोह कमी आलं तर कारण आधीच तयार असतं : "तुम्ही शाकाहारी ना, शिवाय पाळी." गोळ्या लिहून दिल्या जातात. गोळ्या शोषल्याच जात नाहीत, हिमोग्लोबिन थोडं वर जाऊन पुन्हा खाली येतं, आणि दर वर्षी बीट, खजूर, लोखंडी कढई यांचे सल्ले नव्यानं मिळतात. या बायकांवर हा अन्याय आहे. त्यांच्या आहाराला दोष देऊन प्रश्न संपवला जातो. शाकाहारी आहारात लोह कमी शोषलं जातं हे खरंच, पण गोळ्या नीट घेऊनही लोह चढत नसेल तर आतडं शोषतंय का हा प्रश्न विचारायलाच हवा. त्याचं उत्तर एका रक्ततपासणीपासून सुरू होतं.

याची दुसरी बाजूही आहे. गव्हावर ढकललेला थकवा पुष्कळदा गव्हाचा नसतो. बी१२ची कमतरता शाकाहाऱ्यांत नेहमीची, डी जीवनसत्त्वाची त्याहून जास्त, थायरॉइडची कमी नाही. गहू सोडून यातलं काहीच भरून निघत नाही. दुधाचाही विचार करावा. मोठेपणी दुधातली साखर पचवण्याची क्षमता आपल्यापैकी अनेकांत घटलेली असते, आणि सकाळी बिस्किटाबरोबर चहा व रात्री दूध-पोळी घेणाऱ्याला दोष कुणाचा ते सहज कळत नाही. सिलिअ‍ॅकनं अस्तर झिजलं असेल तर दूध तात्पुरतं सोसेनासं होतं, म्हणजे दोन्ही एकत्रही असू शकतं.

सिलिअ‍ॅक नाही, गव्हाची अ‍ॅलर्जीही नाही, तरी गहू खाल्ला की त्रास होतो, अशा माणसांचा एक वर्ग आहे. त्याला सिलिअ‍ॅकेतर ग्लुटेन-संवेदनशीलता म्हणतात. (गव्हाची अ‍ॅलर्जी ही वेगळी गोष्ट. तिथे मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत गांधी उठतात, ओठ सुजतात, क्वचित श्वास अडतो. तिथे घरगुती प्रयोग करायचाच नसतो.) या संवेदनशीलतेची खूण सांगणारी रक्ततपासणी नाही. २०११ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाच्या गटानं एक छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात कोण काय खातंय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ग्लुटेन खाणाऱ्यांना जास्त त्रास झाला. दोनच वर्षांनी त्याच गटानं प्रयोग अधिक कडकपणे केला. आधी सर्वांच्या आहारातून आतड्यात आंबणारी काही कर्बोदकं काढली आणि मग लपवून ग्लुटेन दिलं. या वेळी ग्लुटेनचा वेगळा परिणाम दिसलाच नाही. २०१८ साली नॉर्वेतल्या प्रयोगात एकसारख्या दिसणाऱ्या वड्या दिल्या गेल्या. काहींत ग्लुटेन होतं, काहींत फ्रुक्टन, काहींत काहीच नाही. सर्वांत जास्त त्रास फ्रुक्टनच्या वड्यांनी दिला.

फ्रुक्टन ही गव्हातलीच एक साखळी-साखर. माणसाला ती पचत नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू तिच्यावर ताव मारतात आणि वायू होतो. पण फ्रुक्टन फक्त गव्हात नाही, कांद्यात आहे, लसणीत तर भरपूर आहे. मराठी स्वयंपाकातली फोडणी, वाटण, भजी, पिठलं, भरली वांगी, काय काय त्यात येतं ते सांगायला नको. कांदा-लसूण खाऊन गहू सोडणारा माणूस अर्धाच प्रयोग करतो. उलट बाजूही पाहा. अनेक घरांत आषाढी एकादशीच्या आधी कांदेनवमी साजरी होते आणि मग चातुर्मासभर कांदा-लसूण बंद असतो. अशा घरातल्या कुणी श्रावणात गहू सोडला आणि पोट शांत झालं, तर श्रेय नक्की कुणाला द्यायचं? पोट फुगण्याचीच मुख्य तक्रार असेल तर मी म्हणेन की गव्हाला हात लावण्याआधी दोन-तीन आठवडे कांदा-लसूण बंद करून बघावा. यानं तपासणी बिघडत नाही आणि बऱ्याच जणांना उत्तर तिथेच मिळतं.

कडधान्यांचं वेगळं दुखणं आहे. पोळी गेली की शाकाहारी माणूस भूक भागवायला बेसन, डाळी, उसळी वाढवतो. त्यांतल्या साखरांनीही वायू होतो. मग "गहू सोडूनही फरक नाही" असा उलटा निकाल लागतो. म्हणून प्रयोगाच्या काळात डाळ-उसळीचं प्रमाण आधी होतं तेवढंच ठेवावं, कडधान्यं नीट भिजवून ते पाणी टाकून द्यावं, मूग-मसूर जास्त घ्यावेत.

आता ताट. पोळीच्या जागी भाकरी आली तर आहाराचं फारसं काही बिघडत नाही, आणि हे आपलं मोठं भाग्य आहे. युरोपातल्या माणसाला पाव सोडून बाजारातल्या पांढऱ्या, पिष्टमय, महाग पावाकडे वळावं लागतं. आपल्याकडे सोलापूरची ज्वारी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम कणकेत साधारण साडेदहा ग्रॅम प्रथिनं असतात, ज्वारीत दहा, बाजरीत अकरा. तंतूही तिघांत जवळपास सारखेच, दहा-अकरा ग्रॅम. बाजरीत लोह कणकेपेक्षा जास्त. नाचणीत प्रथिनं सातच, पण कॅल्शियम साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर, कणकेच्या दहापट. राजगिरा तर प्रथिनं, लोह, कॅल्शियम तिन्हींत कणकेपेक्षा वरचढ. घसरण होते ती माणूस भाकरीऐवजी भातावर गेला की. पांढऱ्या तांदळात प्रथिनं आठ ग्रॅम आणि तंतू तीनच्या आत. सकाळी पोहे, दुपारी भात, संध्याकाळी इडली, रात्री खिचडी, हा आहार ग्लुटेनमुक्त नक्कीच आहे, पण आठवड्यात बद्धकोष्ठ होतो आणि मधुमेह असलेल्याची साखर वर जाते.

उपासाच्या पदार्थांबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे, कारण अनेक मराठी माणसं न ठरवता ग्लुटेनमुक्त दिवस काढतात तो एकादशीला. साबुदाणा, वरई, राजगिरा, शिंगाडा, रताळं, बटाटा, शेंगदाणे, दही. यात गहू औषधालाही नाही. "उपासाच्या दिवशी पोट छान असतं" हे अनेकांचं निरीक्षण खरंही असतं. मात्र त्या दिवशी गहूच नव्हे तर कांदा, लसूण, डाळी, मैदा, बेकरी सगळंच बंद असतं, त्यामुळे एकट्या गव्हाबद्दल त्यातून काही कळत नाही. आणि महिनाभरासाठी हा नमुना चालणार नाही. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ शून्य, लोहही नगण्य. राजगिरा आणि वरई मात्र उपासाच्या डब्यातून रोजच्या डब्यात आणण्यासारख्या आहेत. राजगिऱ्याची भाकरी ज्यांच्या घरी होते त्यांना हे सांगावं लागत नाही.

न्याहारी आणि मधल्या वेळेचं खाणं यात शिस्त लागते. उपमा, शिरा, शेवया, लापशी गेली. पोहे, घावन, आंबोळी, मुगाचं धिरडं, तांदळाची उकड, नाचणीची पेज राहिली. गोडात ज्वारीचे उंडे, उकडीचे मोदक, अनारसे, बेसनलाडू, खोबऱ्याच्या वड्या आहेत, आणि करंजी, शंकरपाळी, चिरोटे, गुलाबजाम, पुरणपोळी नाहीत. खारी, टोस्ट, बिस्किट यांना मात्र खरा पर्याय नाही, आणि प्रयोगात बरं वाटण्याचं मोठं कारण बहुधा हेच असतं. चहाबरोबरची मैद्याची, साखरेची, वनस्पती तुपाची भर थांबते. तेवढ्यानं माणूस हलका होतो, मग त्याचं ग्लुटेनशी नातं असो वा नसो.

लपलेल्या गव्हाची यादी प्रत्येक प्रांताची वेगळी असते, आणि शाकाहारी मराठी स्वयंपाकघरात पहिलं नाव हिंगाचं. डबीतला बांधानी हिंग म्हणजे शुद्ध हिंगाचा राळेसारखा चीक, डिंक आणि पीठ यांचं मिश्रण. ते पीठ पुष्कळदा गव्हाचं असतं. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरात तर प्रत्येक फोडणीत हिंग. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, डबीवरचे घटक वाचावेत. मग मेतकूट. आजाऱ्याला आपण मऊ भात, तूप आणि मेतकूट देतो, आणि पारंपरिक मेतकुटात भाजलेले गहू असतात. थालिपिठाच्या भाजणीत गहू असतात, धपाट्यात कणीक असते, सातूच्या पिठात गहू असतात. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. विकतच्या नाचणीच्या बिस्किटात पहिला घटक बहुधा मैदा किंवा कणीक असते, 'मल्टिग्रेन' पिठात बहुतांश गहूच. माल्ट घातलेली पेयं जवाची, सोया सॉस गव्हाचा. उत्तरेतल्या पद्धतीची सोया चाप मैद्यानं बांधलेली असते. परदेशात राहणाऱ्या मराठी शाकाहाऱ्यांनी सेइतान आणि तशा 'व्हेज मीट' पदार्थांकडे लक्ष द्यावं. सेइतान म्हणजे निव्वळ ग्लुटेन. हॉटेलातली 'ज्वारीची रोटी' भराभर लाटता यावी म्हणून कणीक मिसळूनही करतात, विचारावं.

आणि गिरणी. चौकातल्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचे गहू दळून झाले की त्याच जात्यात आपली ज्वारी पडते, आणि पहिल्या किलोभर पिठात उरलेली कणीक मिसळते. घरी तीच परात, तेच पोळपाट, तीच चाळणी. प्रयोग करणाऱ्या साध्या माणसानं याची फार चिंता करू नये. चिमूटभर पिठानं त्याचा निकाल बदलणार नाही. सिलिअ‍ॅकच्या रुग्णासाठी मात्र गिरणी हा रोजचा धोका आहे. त्याच्यासाठी घरघंटी, वेगळी चाळणी, वेगळी परात, पोळ्यांआधी भाकरी आणि तळणीचं वेगळं तेल हे चोचले नाहीत. सासरी किंवा वसतिगृहात यावर हसणाऱ्यांना हे समजावून सांगायला हवं.

विकत घेताना 'ग्लुटेन-फ्री' या शब्दाला आपल्याकडे कायद्याचा अर्थ आहे : किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको. पाकिटावर गहू-जव यांसारख्या धान्यांचा उल्लेख करणंही बंधनकारक आहे. नुसतं 'व्हीट-फ्री' लिहिलं असेल तर त्यात जव असू शकतो. प्रयोगापुरता माणूस या महाग पाकिटांकडे वळूच नये असं माझं मत. त्यातले बहुतेक पदार्थ टॅपिओका, मक्याचं पिष्ट, तांदूळ, साखर आणि तेल यांचेच असतात.

खपली गव्हाबद्दल मला नेहमी विचारलं जातं. सांगली, सातारा, कोल्हापूरकडचा हा जुना गहू खिरीला उत्तम, आणि तो सोसतो असं म्हणणारे पुष्कळ आहेत. काहींना तो सोसत असेलही. पण त्यात ग्लुटेन आहे आणि सिलिअ‍ॅकच्या रुग्णाला तो साध्या गव्हाइतकाच वर्ज्य. आधुनिक वाणांत ग्लुटेन वाढवून ठेवलं म्हणून आजार वाढले, हा दावाही पुराव्यावर टिकलेला नाही. अमेरिकेतल्या विसाव्या शतकातल्या गव्हाच्या नोंदी तपासणाऱ्या डोनाल्ड कसार्डा यांना २०१३ साली तशी वाढ दिसली नाही.

या विषयाला जी लाट आली तिच्यात पुस्तकांचा आणि खेळाडूंचा मोठा वाटा आहे. विल्यम डेव्हिस यांचं 'व्हीट बेली' २०११ साली आलं. टेनिसपटू नोव्हाक जोकोविचनं आपल्या पुस्तकात सांगितलं की त्यानं दोन आठवडे ग्लुटेन सोडून बघितलं आणि त्याचं शरीर बदललं. त्याच पुस्तकात पोटावर पाव धरून हाताची ताकद अजमावल्याचा प्रसंग आहे. ही तपासणी नव्हे. आपल्याकडच्या प्रयोगशाळा विकतात ते आयजीजी प्रतिद्रव्यांचे लांबलचक 'फूड इन्टॉलरन्स' तक्तेही असेच. अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनी ते निदानासाठी वापरू नयेत असं स्पष्ट सांगितलं आहे, कारण आयजीजी बहुधा आपण काय खात आलो एवढंच दाखवतं. निरोगी माणसानं ग्लुटेन टाळल्यानं हृदय सुधारतं का, हे अमेरिकेतल्या एक लाखाहून अधिक आरोग्य-कर्मचाऱ्यांच्या अनेक वर्षांच्या नोंदींत पाहिलं गेलं. 'बीएमजे'मध्ये २०१७ साली आलेल्या त्या अभ्यासात फायदा दिसला नाही, आणि ग्लुटेन टाळताना अख्खी धान्यं कमी होत असतील तर उलट तोटा होईल असा इशारा त्यांनी दिला.

ज्याची टीटीजी तपासणी निर्दोष आली आणि तरी ज्याला खात्री करून घ्यायची आहे, त्यानं खुशाल प्रयोग करावा. आधी दोन आठवडे नेहमीसारखं खात रोज संध्याकाळी दोन-तीन मुख्य तक्रारींना शून्य ते दहा गुण द्यावेत. मग चार ते सहा आठवडे गहू, जव, राय पूर्ण बंद. बाकी काही बदलू नये, चालणं नवं सुरू करू नये, साखर सोडू नये, कांदा-लसूण पहिल्यासारखाच. गुण लिहिणं चालू ठेवावं. इटलीतल्या सालेर्नो इथे जमलेल्या तज्ज्ञांनी २०१५ साली जी पद्धत मांडली तिच्यात तक्रारी निदान तीस टक्क्यांनी घटल्या तरच फरक पडला असं धरतात, आणि मग लपवून ग्लुटेन देऊन त्रास परततो का ते पाहतात. हा शेवटचा भाग लोक सोडून देतात, आणि प्रयोगाचा सगळा अर्थ त्याच भागात आहे. घरात तो काही अंशी जमवता येतो. कांदा न घातलेली, मसाला सारखाच असलेली दोन प्रकारची थालिपिठं घरातल्या दुसऱ्या कुणी करावीत, एका प्रकारात पुरेशी कणीक, दुसऱ्यात अजिबात नाही. एक आठवडा एक, मधे काही दिवस थांबून दुसरा आठवडा दुसरी. खाणाऱ्याला कोणती कधी ते कळता कामा नये. दोन्ही आठवड्यांचे गुण सारखेच आले तर पोळी परत ताटात घ्यावी, अगदी निःशंकपणे.

वाढत्या वयाच्या मुलांवर हा प्रयोग घरच्या घरी करू नये. वजन आणि उंची अडली असेल तर सरळ बालरोगतज्ज्ञांकडे जावं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही नाही. ज्याच्या घरात सिलिअ‍ॅक, टाइप १ मधुमेह किंवा थायरॉइडचा स्वयंप्रतिकार आजार आहे, ज्याचं लोह गोळ्यांनी चढत नाही, कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड वारंवार येतात, विनाकारण वजन उतरतंय, त्याच्यासाठी 'बंद करून बघा' हा सल्ला घातक आहे.

वाचकांना माझी विनंती एवढीच. गहू सोडायचा विचार मनात आला असेल तर आज रात्रीची पोळी खा, उद्याचीही खा, आणि या आठवड्यात टीटीजी-आयजीए व एकूण आयजीएची तपासणी करून घ्या. भाकरीचं पीठ त्यानंतर दळून आणा.